चाकाचे नट किती घट्ट?

भांडुपला एलबीएस मार्गावर पंक्चर काढून झाले, की ‘जरा आणखी घट्ट करा’ असे सांगणारे बरेच असतात. काळजी रास्त आहे. पण जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे. नट पिळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच चाक दाबून धरतो. डब्याला लावलेल्या रबरासारखेच हे आहे: प्रमाणाबाहेर ताणले, तर सैल पडते. म्हणून टॉर्क (पिळण्याचे बळ) ठरलेला असतो. छोट्या मोटारींना साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिला, तर टॉर्क १४७ च्या आसपास जातो!

नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. शेवटचा पीळ चाक जमिनीवर टेकल्यावर. आट्यांना तेल नको.

लॉकिंग नट (खास चावीनेच उघडणारा) चोरीपासून वाचवतो, सैल होण्यापासून नाही. त्यालाही इतरांएवढाच टॉर्क. हवेच्या गनने त्याची नक्षी बिघडू शकते, म्हणून तो हातानेच आवळून घ्यावा आणि चावी स्टेपनीजवळ ठेवावी. ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत.