कर्जावरील वापरलेली मोटार परत करणे

कर्जावरील वापरलेली मोटार परत करणे म्हणजे बँक किंवा बिगर-बँक वित्तीय कंपनीच्या कर्जातून घेतलेली जुनी मोटार कर्ज फिटण्यापूर्वी विक्रेत्याकडे अथवा वित्तपुरवठादाराकडे सोपवणे होय. मोटारीचे नुकसान खरेदीपूर्वीचे की नंतरचे, हा अशा व्यवहारांतील प्रमुख वादविषय असतो. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२, मालविक्री अधिनियम, १९३०, मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांतील तरतुदी लागू होतात.

प्रकार

पहिल्या प्रकारात दोष आढळल्यामुळे खरेदीदार मोटार विक्रेत्याला परत करू पाहतो. विक्री आणि कर्ज हे सामान्यतः दोन स्वतंत्र करार असल्यामुळे मोटार विक्रेत्याच्या आवारात नेऊन उभी केल्याने हप्ते थांबत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात हप्ते न झेपल्याने कर्जदार मोटार वित्तपुरवठादाराच्या स्वाधीन करतो. ती सहसा लिलावात विकून आलेली रक्कम कर्जखात्यात जमा केली जाते व उरलेली थकबाकी कर्जदाराकडे मागितली जाते. नुकसानीमुळे लिलावाची किंमत घसरते; त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळातील अपघाताचा भुर्दंड नव्या कर्जदारावर पडू शकतो.

कायदेशीर स्थिती

कर्जाऊ मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तपुरवठादाराच्या नजरगहाणाची नोंद असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५१ नुसार त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी हस्तांतराची नोंद होत नाही. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ द्वारे नजरगहाणाची नोंद काढली जाते. नोंदणीतील नाव न बदलता मोटार दुसऱ्याच्या हाती देणे जोखमीचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले.

थकीत कर्जापोटी मोटार ताब्यात घेताना बळाचा वापर करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर (२००७) या प्रकरणात कठोर ताशेरे ओढले.

मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ नुसार व्यावसायिक विक्रेत्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशी गर्भित अट असते. मात्र खरेदीदाराने माल तपासला असल्यास, त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ही अट लागू होत नाही. म्हणून दारावरचा पोचा आणि दडवलेले पुराचे नुकसान यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

नागपूरमधील संदर्भ

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीमुळे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून अनेक वाहने बुडाली. पाण्यात बुडालेल्या मोटारीतील वायरिंगचे बिघाड व गंज काही महिन्यांनीही प्रकट होऊ शकतात. पूर्ण ओढलेल्या सीटबेल्टवरील चिखलाचे डाग, आसनाखालील गंज आणि गालिच्याचा कुबट वास ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

शहरातील वाहनांची नोंदणी एमएच-३१ व एमएच-४९, तर ग्रामीण भागातील एमएच-४० या क्रमांकमालिकेत होते. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू झाली.

पुरावा

खरेदीच्या व परतीच्या दिवशीची दिनांकित छायाचित्रे, किलोमीटरची नोंद, दुरुस्तीची बिले, विमा दाव्यांचा इतिहास आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांची ताबापावती यांवर वादाचा निकाल बहुधा अवलंबून असतो. पावतीवर ओरखडे व पोचे तपशिलाने नोंदवलेले नसल्यास नुकसान कोणाच्या काळातील, हे सिद्ध करणे कठीण जाते.

तक्रार निवारण

व्यावसायिक विक्रेता किंवा वित्तपुरवठादार यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येत असल्याने परगावी मोटार घेतलेल्या नागपूरकराला तिकडे जावे लागत नाही. खासगी व्यक्तीकडून केलेल्या खरेदीसाठी सामान्यतः दिवाणी न्यायालयाचा मार्ग असतो. बँकेच्या सेवेविषयी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही तक्रार करता येते.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतकायद्यानुसार, त्याच्या कक्षेतील भाडेखरेदी करारात एकूण किमतीची निम्मी रक्कम भरून मोटार परत करता येते. मात्र वाजवी काळजी न घेतल्यास भरपाई द्यावी लागते. व्यावसायिकाकडून घेतलेल्या मालात पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता, असे तेथे गृहीत धरले जाते. भारतात १९७२ मध्ये संमत झालेला भाडेखरेदी अधिनियम कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला.