मनाचा आघात आणि शरीराचे आरोग्य

मनावरील आघात काळाच्या ओघात विरून जातो, अशी आपली समजूत असते. शरीर मात्र तो सहजासहजी विसरत नाही.

अमेरिकेतील डॉ. फेलिट्टी, डॉ. अँडा व सहकाऱ्यांनी १९९८ साली ९,५०८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवरील हिंसा, घरातील व्यसन असे चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये हृदयविकार, कर्करोग व फुफ्फुसांचे जुनाट विकार अधिक आढळले. अर्थात, प्रत्येक आघातग्रस्त आजारी पडतोच असे नाही.

भयाच्या प्रसंगी शरीरात अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात. संकटात ती उपकारक ठरतात. परंतु ताण वर्षानुवर्षे टिकला, की झोप, रक्तदाब व रोगप्रतिकारशक्ती यांवर दुष्परिणाम होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवरील छोटी जखम भरून येण्यास इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ९ दिवस अधिक लागले, असे १९९५ च्या एका अभ्यासात दिसून आले.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री प्रभू येशूच्या वस्त्राला स्पर्श करताच बरी झाली (मार्क ५:२५-३४). तरीही प्रभू थांबला, तिची सारी हकिकत त्याने ऐकून घेतली आणि तिला 'मुली' असे संबोधले. म्हणूनच दुःखिताला 'झाले गेले विसर' असे सांगण्यापूर्वी आपण त्याचे ऐकू या. घरात अत्याचार चालू असल्यास पीडिताची सुरक्षितता प्रथम पाहू या. प्रार्थना व पवित्र संस्कार यांच्या जोडीला वैद्यकीय उपचार व समुपदेशन घेणे, हा श्रद्धेचा अभाव नव्हे.