सायटोकाइन वादळ

सायटोकाइन वादळ म्हणजे शरीराच्या प्रतिकारसंस्थेने संसर्गाला दिलेला, प्रमाण सुटलेला प्रतिसाद होय. या अवस्थेत प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने इतक्या मोठ्या प्रमाणात स्रवतात की विषाणूबरोबर निरोगी ऊतींचीही हानी होते. इन्फ्लुएन्झा, सार्स आणि कोविड-१९ यांच्या काही गंभीर रुग्णांमध्ये ही अवस्था आढळते. ही संज्ञा वैद्यकीय लेखनात १९९३ मध्ये आली, तीही विषाणूच्या नव्हे, तर अवयवदात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्या विकाराच्या संदर्भात. मुंबईत ती सर्वसामान्यांच्या बोलण्यात आली २०२०च्या साथीत.

कार्यपद्धती

विषाणू फुप्फुसांतील वायुकोशांच्या पेशींत शिरल्यावर त्या पेशी इंटरफेरॉन स्रवून शेजारच्या पेशींना सावध करतात. हा पहिला इशारा वेळेवर मिळाल्यास संसर्ग बहुधा तेथेच आटोक्यात येतो. तो उशिरा किंवा क्षीण मिळाल्यास विषाणू वाढत राहतो आणि मागाहून आलेल्या मॅक्रोफेज व न्यूट्रोफिल या पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ ही दाहकारक द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे आणखी पेशी ओढल्या जातात व त्याही तीच द्रव्ये सोडतात. केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, वायुकोशांत द्रव साचतो आणि रक्तात गुठळ्या होतात. रुग्ण गुदमरतो तो प्रामुख्याने या द्रवामुळे. त्या वेळी विषाणूचे प्रमाण अनेकदा उतरणीला लागलेले असते. कोविडचे रुग्ण पहिला आठवडा घरी बरे वाटत असताना त्यानंतर अचानक खालावत, त्याचे एक स्पष्टीकरण यात आहे.

इशारा क्षीण का पडतो, याचे एक कारण २०२० मध्ये उघड झाले. तपासलेल्या ९८७ अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे होती. अशा रुग्णांत पुरुष व वयस्कर व्यक्ती अधिक होत्या.

मुंबई उपनगरांतील अनुभव

जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर व माटुंगा या परिसरांतील तीन प्रभागांत रक्तनमुन्यांचे सर्वेक्षण झाले. नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या या पाहणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. नोंदलेल्या रुग्णांच्या तुलनेत हा आकडा फार मोठा होता. म्हणजेच बहुसंख्य लोकांच्या प्रतिकारसंस्थेने विषाणू गाजावाजा न करता हाताळला होता. वादळ हा अपवाद होता. परंतु लोकसंख्या एवढी दाट असल्यावर अपवादांनीही अंधेरीच्या मरोळ भागातील सेव्हन हिल्स रुग्णालय आणि गोरेगाव, मुलुंड व दहिसर येथील जम्बो कोविड केंद्रांतील प्राणवायूच्या खाटा व्यापल्या.

उपचार

प्रतिकार दडपणारे औषध केव्हा द्यावे, हा उपचारांतील कळीचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाले. दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. त्याच महिन्यात केंद्र सरकारने हे औषध उपचारपद्धतीत समाविष्ट केले.

इंटरल्यूकिन-६चा मार्ग रोखणाऱ्या टोसिलिझुमॅब या महागड्या इंजेक्शनचा त्याच उन्हाळ्यात मुंबईत तुटवडा पडला. काळाबाजार रोखण्यासाठी जुलैमध्ये खरेदीसाठी आधार कार्ड व डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणे सक्तीचे झाले. त्याचा फायदा ठामपणे सिद्ध झाला तो २०२१च्या फेब्रुवारीत, सुमारे ४,१०० रुग्णांच्या चाचणीनंतर. आणि तोही माफक होता. सोरायसिसवरील इटोलिझुमॅबला भारतीय औषध नियंत्रकांनी जुलै २०२० मध्येच, मुंबई व दिल्लीतील अवघ्या ३० रुग्णांच्या चाचणीवर मर्यादित परवानगी दिली होती. पुराव्याच्या तोकडेपणामुळे राष्ट्रीय उपचारपद्धतीत त्याला स्थान मिळाले नाही.

दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडचा वापर सैल झाला. अनावश्यक, लवकर किंवा जास्त मात्रेत दिलेले स्टिरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह ही म्युकरमायकोसिस अर्थात काळ्या बुरशीची प्रमुख कारणे मानली जातात. २०२१ मध्ये सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत महाराष्ट्र होता.

संज्ञेविषयी मतभेद

१९१८च्या इन्फ्लुएन्झात तरुण मोठ्या संख्येने दगावले, त्यामागेही असाच अतिप्रतिसाद असावा, असे अनुमान आहे. पुनर्निर्मित विषाणूने बाधित माकडांवरील २००७च्या प्रयोगाने त्याला बळ मिळाले. मात्र जिवाणुजन्य न्यूमोनियाचा वाटाही मोठा होता. कोविडपुरते ‘वादळ’ हे नाव अतिशयोक्त असल्याचे अनेक तज्ज्ञ सांगतात. गंभीर कोविड रुग्णांतील इंटरल्यूकिन-६चे प्रमाण कर्करोगावरील कार टी-पेशी उपचारानंतरच्या अतिप्रतिसादाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी आढळले आहे.

हा उपचारजन्य अतिप्रतिसाद सौम्य राहावा, हे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराचे एक उद्दिष्ट होते. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.