आंकड्यांची साक्ष

वाशीम येथें आमच्या ओसरीवर परवां नातवंडांचा वाद जुंपला: थोर क्रिकेटपटु कोणता? जो तो सरासरीचा पुरावा काढी. आम्ही त्यांस पालवणकर बाळू यांचा आंकडा सांगितला. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत आपला संघ बहुतेक सामने हरला. तरी ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें ११४ बळी मिळविले, दर बळीमागें अवघ्या १९ च्या आसपास धावा देऊन!

परंतु ते चर्मकार समाजांतील. पुण्यास त्यांना चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत. हिंदु संघाचें नायकपद त्यांस कधींच लाभलें नाहीं. १९२३ सालीं तें धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

आंकडा जात पाहत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. म्हणूनच शंभर वर्षांनंतरहि तो बाळूंच्या बाजूनें साक्ष देतो. मात्र अपमान गिळून टाकलेला चेंडू व सुखानें टाकलेला चेंडू तो सारखाच मोजतो. तेव्हां वाचकहो, आंकड्याशेजारीं माणसाचें चरित्रहि वाचावें.

धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, बाहेर चहा देणारे कोण होते?”

“आपल्यासारखेच, बाळा,” असें म्हणतांना आम्हांस मान खालीं घालावी लागली.