विश्लेषण : पावसाळ्यात घोड्याची पाठ का सडते? खपली, नायटा आणि ग्लँडर्स ओळखायचे कसे?

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. ई-रिक्षा आल्या, तरी पर्यटकांची रपेट आणि गावातले बरेचसे सामान अजूनही घोड्याच्याच पाठीवर आहे. पावसाळ्यात ही पाठ क्वचितच कोरडी असते. वरून पाऊस, पायाखाली तांबड्या मातीचा चिखल आणि ओल्या नमद्यावर कसलेले खोगीर. मग खपल्या धरतात, केस पुंजक्यांनी गळतात आणि घोडा तंग आवळू देईनासा होतो. अशा वेळी घोडेवाल्यापुढचा पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. घोडा आज उभा ठेवायचा की नाही, हा असतो. उभा ठेवला तर खुराक चुकत नाही, कमाई मात्र बुडते.

खपल्या कशामुळे धरतात?

पावसाळी खपल्यांच्या या आजाराला पशुवैद्यक ‘डर्मॅटोफिलोसिस’ म्हणतात. अनेकांना ही बुरशी वाटते. प्रत्यक्षात तो जिवाणू आहे. १९१५ मध्ये तत्कालीन बेल्जियन काँगोतील गुरांमध्ये त्याची पहिली नोंद झाली, म्हणून नाव पडले ‘डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस’. निरोगी, कोरड्या कातडीत त्याला सहसा शिरकाव मिळत नाही. कातडी सतत ओली राहणे आणि तिला बारीकशी इजा होणे, अशा दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. गोमाशीचा चावा किंवा खोगिराचे घासणे एवढी इजा पुरते. ओल मिळाली की जिवाणूचे बीजाणू हालचाल करू लागतात आणि त्या जखमेतून आत उतरतात. पावसाचे पाणी पाठीवरून, पुठ्ठ्यावरून जसे ओघळते, तशाच रेषेत अनेकदा खपल्या दिसतात. खपली उचलली की तिच्यासोबत केसांचा पुंजका रंगाच्या कुंचल्यासारखा निघून येतो आणि खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसते.

हाच त्रास खुराच्या वर, घोट्यामागच्या खोलगट भागातही होतो. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी त्याला जास्त बळी पडते. म्हणजे चारही पाय पांढरे असलेला जो पंचकल्याणी घोडा शुभ म्हणून जास्त किमतीला विकला जातो, त्याच्याच पायांची पावसाळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते.

उपचारात चुकते कुठे?

पहिली चूक तेलाची. खोबरेल, कडुनिंबाचे तेल, काही ठिकाणी तर गाडीचे जळके ऑइल खपल्यांवर चोपडले जाते. हा जिवाणू हवा कमी असलेल्या जागी अधिक फोफावतो. तेलकट थर त्याला झाकून ठेवतो आणि जळक्या ऑइलने कातडी भाजते ती वेगळीच. दुसरी चूक खपल्या ओरबाडण्याची. त्या घोड्याला दुखतात आणि नवी जखम होते. क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणाने खपल्या भिजवाव्यात, फेस दहा मिनिटे राहू द्यावा, सैल झालेल्या तेवढ्याच काढाव्यात, धुऊन कातडी पूर्ण कोरडी करावी. यातली शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच राहून जाते. काढलेल्या खपल्या तबेल्यात टाकू नयेत, जाळाव्यात. वाळलेल्या खपलीत जिवाणू अनेक महिने तग धरतो. आजार अंगभर पसरला, ताप आला किंवा पाय सुजला तर पेनिसिलीनसारखे प्रतिजैविक लागते. ते कोणते व किती दिवस द्यायचे, हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

पायांवरच्या चिखलाचेही तसेच. रोज संध्याकाळी पाइप लावून पाय धुणे स्वच्छतेचे वाटते, पण त्याने कातडी पुन्हा भिजते. चिखल वाळू द्यावा आणि मग मऊ ब्रशने झाडावा. धुतलेच, तर पुसून कोरडे करावेत.

नायटा वेगळा कसा?

नायटा हा बुरशीचा संसर्ग असतो. घोड्यांत बहुतेकदा ‘ट्रायकोफायटन’ गटातल्या बुरशीमुळे तो होतो. गोल चट्टे, तुटके केस आणि राखेसारखा कोंडा ही त्याची खूण. पण पावसाळ्यात तो आणि खपली नुसत्या डोळ्यांनी वेगळे करणे जाणत्यालाही अवघड जाते. खपलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवाणूंच्या समांतर रांगा आगगाडीच्या रुळांसारख्या दिसतात. बुरशी वाढवून पाहायची तर दोन-तीन आठवडे लागू शकतात. ही तपासणी टाळून माणसांचे स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले जाते. त्याने लाली आणि खाज चार दिवस कमी होते, बुरशी मात्र पसरत राहते.

धट्ट्याकट्ट्या घोड्याचा नायटा अनेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप बरा होतो. तरीही उपचार हवेत, कारण तोवर तो साऱ्या तबेल्यात आणि खरारा करणाऱ्याच्या हातावर पोहोचलेला असतो. खराऱ्याचा ब्रश, झूल, तंग, नमदा यांतून तो पसरतो. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी गोष्टींसाठी वापरतो. खऱ्या खोगिरातली भरती मात्र घाम आणि ओल धरून ठेवते, आणि बुरशीचे बीजाणू साजात महिनोन्‌महिने टिकतात. औषधाने घोडा बरा करून तेच खोगीर त्याच्यावर घातले की आजार पुन्हा येतो. म्हणून प्रत्येक घोड्याचा ब्रश आणि नमदा वेगळा हवा, साज बुरशीनाशकाने धुऊन उन्हात वाळवायला हवा, आणि बाजारातून आणलेला घोडा निदान तीन आठवडे वेगळा बांधायला हवा. चट्टे खोगिराखाली असतील, तर ते बरे होईपर्यंत घोड्याला विश्रांती द्यावीच लागते.

धोक्याची खूण कोणती?

पायाच्या आतल्या बाजूने एका ओळीत गाठी उठल्या, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव येऊ लागला, सोबत ताप किंवा नाकातून घट्ट स्राव असेल, तर घरगुती उपचार ताबडतोब थांबवावेत. तो ग्लँडर्स असू शकतो. ‘बर्खोल्डेरिया मॅलेई’ या जिवाणूचा हा आजार माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. त्यावर लस नाही. काही वर्षे देशात न दिसलेला हा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रातच पुन्हा आढळला होता. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार त्याची माहिती सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी होते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यातली प्रमुख संस्था. निदान पक्के झाले की घोड्यावर उपचार होत नाहीत, त्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो आणि परिसरातल्या घोड्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात.

घोडा जाईल या भीतीने अशा गाठी लपवल्या जातात किंवा जनावर घाईने विकले जाते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा निरनिराळ्या राज्यांतले घोडे शेजारी-शेजारी बांधलेले असतात. तिथे गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहते, दात पाहते, भोवरे तर आवर्जून पाहते. पायांची आतली बाजू आणि खोगिराखालची पाठ हात फिरवून तपासायला दोन मिनिटे पुरतात.