विद्यार्थ्याचे लेखन आणि वाचकाचा प्रश्न

मराठीच्या अध्यापनात निबंधलेखनाला शतकाहून अधिक काळ स्थान आहे. परंतु हा निबंध कोणासाठी लिहिला जातो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्गातील निबंधाला बहुधा एकच वाचक लाभतो, आणि तोही परीक्षक या नात्याने. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याला काही सांगावयाचे नसते. आपल्याला लिहिता येते एवढेच सिद्ध करावयाचे असते. मार्गदर्शिकांतील ठरीव वाक्ये या परिस्थितीतूनच येतात. त्यांचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे.

या दृष्टीने अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील एक उपक्रम लक्षणीय ठरतो. तेथे शिक्षक असताना साने गुरुजींकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचीही जबाबदारी होती. या मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक काढले. येथे शिक्षक स्वतः लिहीत होता, आणि तेही रोज. लेखन ही परीक्षेच्या तीन तासांत उरकण्याची बाब नसून दैनंदिन व्यवहार आहे, हे मुलांना उपदेशावाचून दिसत होते. (विद्यार्थ्यांकडून लेखनाची अपेक्षा करणारे किती अध्यापक स्वतः लिहितात, हा प्रश्न अवघड असला तरी अप्रस्तुत नाही.)

महाविद्यालयातील भित्तिपत्रक हे याच परंपरेचे साधे रूप होय. त्याला ड्रॉइंग पेपर, एखाद्या विद्यार्थिनीचे सुवाच्य अक्षर आणि येण्याजाण्याच्या वाटेवरील फळा एवढेच लागते. मात्र तेथे लावलेल्या कवितेसमोर सहाध्यायी थांबतो आणि "याचा अर्थ काय?" असे विचारतो, तेव्हा लेखनप्रक्रियेत एक नवी गोष्ट घडते. गुण देणाऱ्याला असा प्रश्न पडत नाही. तो पडणारा माणूस समोर असल्यामुळे लेखकाला आपले वाक्य पुन्हा तपासावे लागते. पुनर्लेखनाची गरज शुद्धिपत्रापेक्षा येथे अधिक नेमकेपणाने पटते.

खरा पेच संपादनाचा आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त कराव्यात, याविषयी वाद नाही. परंतु वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या कथेतील आजी 'पोट्टं' म्हणत असेल, आणि संपादक-अध्यापक तेथे 'मुलगा' लिहीत असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही. आजीच कथेतून जाते. पुढील अंकासाठी तो विद्यार्थी पुस्तकी मराठीत काहीतरी निर्दोष लिहून देतो, किंवा लिहीतच नाही.

वर्गाबाहेरच्या वाचकापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थिलेखनाचे मराठीतील एक आद्य उदाहरण या संदर्भात पुन्हा वाचावयास हवे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईतील अत्याचार, बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांचे हाल आणि वेदांचा अधिकार नाकारलेल्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्यात येतो. विशेष म्हणजे हा प्रश्न ती आपल्या शिक्षकांना नव्हे, तर धर्माचा अधिकार सांगणाऱ्या पंडितांना थेट संबोधून विचारते. ज्यांच्या शेजारी बसून शिकणे तिला शक्य नव्हते, त्यांनाच तिने आपले वाचक केले.