होतकरू फलंदाज आणि आपल्या अपेक्षा

पावसाळा सरला व कपाशीची वेचणी सुरू झाली, की जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील शाळांच्या मैदानांवर क्रिकेटचे सामने रंगू लागतात. एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एका दिवसात शंभर धावा काढतो. सायंकाळपर्यंत ती वार्ता गावभर होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी त्याला ‘आमचा तेंडुलकर’ म्हणू लागतो. हे कौतुक स्वाभाविक आहे, व ते असावेही. परंतु कौतुक आणि अपेक्षा या दोन वस्तू भिन्न आहेत. कौतुक झालेल्या गोष्टीचे असते, अपेक्षा व्हावयाच्या गोष्टीची. अपेक्षेच्या भरात कित्येक पालक मुलाचा अभ्यास बाजूस सारून त्यास पुण्या-मुंबईस पाठविण्याचे मनसुबे रचू लागतात. तेव्हा लहान वयातील मोठी धावसंख्या आपणांस काय सांगते व काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम काही प्रसिद्ध उदाहरणे पाहू. १९८८ साली मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन विद्यार्थ्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. विनोद कांबळी ३४९ व सचिन तेंडुलकर ३२६, दोघेही नाबाद. दोघांचे गुरू एकच, रमाकांत आचरेकर. मैदान एक, शाळा एक, आणि त्या दिवशीच्या धावा कांबळींच्या अधिक. पुढे कांबळींनी १९९३ साली आपल्या पहिल्या सात कसोटी सामन्यांत चार शतके झळकाविली व त्यांपैकी दोन द्विशतके होती. तथापि १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते आपला सतरावा आणि अखेरचा कसोटी सामना खेळले. तेंडुलकर मात्र २०१३ सालापर्यंत खेळत राहिले व त्यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर शतके पुरी केली. त्या दिवशी मैदानावर बसलेल्या कोणा जाणत्यास या दोन वाटा आधी दिसल्या असत्या काय? धावफलकावरून तरी खास दिसल्या नसत्या.

दुसरे उदाहरण कल्याणचे. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमध्ये १८९९ साली ए. ई. जे. कॉलिन्स या विद्यार्थ्याने केलेल्या ६२८ धावांचा उच्चांक त्याने मागे टाकला. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या पित्याचा हा पुत्र एका दिवसात जगप्रसिद्ध झाला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. परंतु पुढे खेळ मंदावला, तेव्हा २०१७ साली त्याच्या वडिलांनी ही शिष्यवृत्ती थांबवावी, असे संघटनेस आपण होऊन कळविले. त्या पित्याचा प्रामाणिकपणा त्या हजार धावांइतकाच स्मरणीय आहे. प्रतिस्पर्धी संघ त्या सामन्यात एका डावात अवघ्या ३१ धावांत बाद झाला होता, ही गोष्ट मात्र जयघोषात फारशी कोणी ध्यानात घेतली नाही. धावांची किंमत गोलंदाजीच्या कसावर ठरते, आणि तो कस धावफलकावर लिहिलेला नसतो.

शाळेतील धावा पुढे जशाच्या तशा का टिकत नाहीत, याची कारणे आता पाहू. पहिले कारण गणिताचे आहे. गोलंदाजाच्या रेषेपासून फलंदाजाच्या रेषेपर्यंतचे अंतर ५८ फूट, म्हणजे सुमारे १७·७ मीटर. शालेय गोलंदाजाचा चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने आला, तर हे अंतर तोडण्यास त्याला सुमारे ०·७ सेकंद लागतात. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या चेंडूस सुमारे ०·४५ सेकंद पुरतात. डोळ्याने पाहिले, मनाने ओळखले आणि हातापर्यंत हुकूम पोहोचला, एवढ्यातच सुमारे ०·२ सेकंद खर्च होतात. म्हणजे फटका निवडून खेळण्यास पहिल्या प्रसंगी अर्धा सेकंद मिळतो, तर दुसऱ्या प्रसंगी केवळ पाव सेकंद. चेंडूचा वेग जेमतेम दीडपट झाला, पण फलंदाजाच्या हाती उरलेला अवकाश निम्मा झाला! शाळेत जो मुलगा चेंडू पाहून फटका निवडतो, त्याला पुढे गोलंदाजाच्या मनगटावरून आणि पावलांवरून चेंडू आधीच ओळखण्याची विद्या नव्याने शिकावी लागते. ती शिकत असताना त्याच्या धावा कमी होणारच. ती अधोगती नव्हे, ते शिक्षण होय.

दुसरे कारण मैदानाचे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चटई अंथरून सामने होतात. चटईवर चेंडूची उसळी बहुधा एकसारखी असते. हिरवळीच्या खेळपट्टीवर ती गावागणिक, किंबहुना दिवसागणिक बदलते. तिसरे कारण शरीराचे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलाची उंची झपाट्याने वाढते, हातपाय लांबतात. काल जुळलेला फटका आज जुळेनासा होतो, आणि पुन्हा जुळण्यास महिने लागतात. चौथे कारण प्रतिस्पर्ध्याचे. फलंदाज मोठा होऊ लागला, की गोलंदाज त्याचे दोष हेरू लागतात. पृथ्वी शॉ यांनी २०१३ साली हॅरिस ढाल स्पर्धेत ५४६ धावा केल्या आणि २०१८ साली राजकोट येथे पहिल्याच कसोटीत १३४ धावांचे शतक ठोकले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेड येथे फळी व पाय यांमधील फटीतून दोन्ही डावांत त्यांचा त्रिफळा उडाला व पुढच्या कसोटीस त्यांना वगळण्यात आले. दोष सर्वांत असतो. वरच्या पायरीवर तो झाकून राहत नाही, एवढेच.

याउलट आरंभीच्या अपयशावरून निराश होणेही तितकेच अविचाराचे. डॉन ब्रॅडमन १९२८ साली पहिल्या कसोटीत १८ व १ धावा काढून बाद झाले आणि दुसऱ्या कसोटीतून वगळले गेले. तिसऱ्या कसोटीत परतून त्यांनी ७९ व ११२ धावा केल्या. खुद्द तेंडुलकर पहिल्या दोन्ही एकदिवसीय सामन्यांत शून्यावर बाद झाले, व त्या प्रकारातील पहिले शतक त्यांना १९९४ साली, एकोणऐंशीव्या सामन्यात लाभले. पुण्याकडील ऋतुराज गायकवाड यांनी २०२० च्या आयपीएल स्पर्धेत पहिल्या तीन डावांत अनुक्रमे ०, ५ व ० धावा केल्या. लगेच पुढच्या तीनही डावांत अर्धशतके काढली, आणि दुसऱ्या वर्षी ६३५ धावा करून ते त्या स्पर्धेत सर्वाधिक धावांचे मानकरी ठरले. तीन डावांवर निकाल देणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांना केव्हाच घरी पाठविले असते.

आणखी एक हिशेब ध्यानी ठेवण्याजोगा आहे. तेंडुलकर कसोटी सामन्यांत ३२९ डाव खेळले व त्यांत ५१ शतके केली. म्हणजे २७८ डावांत शतक झाले नाही; साधारणपणे सहांतील पाच वेळा! ज्या गोष्टीत जगातील थोर फलंदाजही बहुतेक वेळा उणा पडतो, ती गोष्ट आपण शाळकरी मुलाकडून प्रत्येक रविवारी मागावी, हे न्यायाचे नाही.

उत्तम खेळ होऊनही मान मिळेलच, असेही नाही. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुणे येथे महाराष्ट्रातर्फे काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा उच्चांक हाताशी आला असता प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्याचे नाकारले. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. देशाच्या संघात जागा अकराच. म्हणून पालकांस नम्र विनंती, की मुलाचा खेळ सोडवू नये आणि खेळासाठी शाळाही सोडवू नये. जो मुलगा सकाळी सरावास जाऊन दुपारी वर्गात लक्ष देतो, त्याची एक वाट अडली तर दुसरी खुली असते.

मग अपेक्षा ठेवूच नये काय? अवश्य ठेवावी, मात्र जी मुलाच्या हाती आहे, तिचीच ठेवावी. धावा सर्वस्वी त्याच्या हाती नाहीत. सराव, आहार, निद्रा, शिस्त, आणि बाद दिल्यावर पंचाकडे वाकडे न पाहता परतणे, ही त्याच्या हाती आहेत. सामन्याहून परतलेल्या मुलास आपण विचारतो, “किती केल्यास?” त्याऐवजी “बाद कसा झालास?” असे मायेने विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात संपते. दुसऱ्याचे उत्तर देताना मुलगा स्वतःच्या खेळाकडे पाहावयास शिकतो. तोच दोष महिन्याभराने पुन्हा दिसला नाही, तर शून्यावर बाद झालेला मुलगाही प्रगतीच करीत आहे, असे निःशंक समजावे.

शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला आपणां सर्वांस परिचित आहे. खडकाळ जागी पडलेले बी सर्वांत लवकर उगवले, परंतु मुळास खोली नसल्याने उन्हात करपून गेले. खानदेशच्या शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगावयास नको. कोंब वर आला म्हणून तो उपटून मूळ किती वाढले हे पाहत नाही. तो पाणी देतो, तण काढतो आणि ऋतूची वाट पाहतो. आपल्या मैदानांवरील या कोवळ्या रोपांनाही आपण तेवढाच अवधी देऊ या.